पेला आणि पगार

गेल्या पाडव्याची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीला आमच्या घरी फराळाला आला होता. ठाण्याला बरी नोकरी, कल्याणला नवे घर आणि अर्थातच घराचे हप्ते! चकली मोडता मोडता तो म्हणाला, "सर, दर शुक्रवारी साहेबांबरोबर 'बसावं' लागतं. मी बसत नाही. आणि बढती बसणाऱ्यांनाच मिळते. काय करू?"

'बसणे' या गरीब क्रियापदावर मराठी माणसाने केवढा भार टाकला आहे, हे मी वर्गात कधी शिकवले नव्हते!

उपदेश करणे हा आम्हां मास्तरांचा जन्मसिद्ध हक्क. पण त्याने मोबाइल पुढे धरला आणि माझी पंचाईत झाली. पीटर्स आणि स्ट्रिंगहॅम या अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांचा २००६ सालचा निबंध होता तो. न पिणाऱ्यांपेक्षा पिणारे पुरुष सुमारे १० टक्के, तर पिणाऱ्या स्त्रिया १४ टक्के अधिक कमावतात. आणि महिन्यातून एकदा तरी मद्यगृहात जाणाऱ्या पुरुषांची मिळकत आणखी ७ टक्क्यांनी जास्त!

आकडे खोटे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण प्यायल्यामुळे खिसा भरतो, की खिसा भरलेला म्हणून पिणे परवडते? शिवाय दुखण्यामुळे ज्यांनी दारू सोडली, तेही 'न पिणारे' म्हणूनच मोजले जातात. आणि ते ७ टक्के? त्याचे श्रेय तर लेखक स्वतःच बैठकीतल्या ओळखीपाळखींना देतात. म्हणजे कमाई ओळखीची. ग्लास केवळ निमित्ताला!

इतक्यात सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "त्या पाहणीत पगार विचारला, तो घरी किती पोचला हे कुणी विचारलं का?"

मला एकदम गडकरी आठवले. ठाण्याला मासुंदा तलावाकाठी ज्यांच्या नावाचे रंगायतन उभे आहे, त्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला. त्यातला सुधाकर हुशार वकील. आधी त्याची सनद जाते, मग हातात पेला येतो. मिळकत आणि दारू यांचा संबंध असा उलटाही असतो! पण त्या संसाराची तूट भरून काढायला जात्यावर बसते ती सिंधू. आजही महाराष्ट्रात महिला मतदार मतदानाने 'बाटली आडवी' करून दुकान बंद पाडू शकतात, ते घरचा हिशेब त्यांना पाठ असतो म्हणूनच.

मी त्याला म्हटले, "बैठकीला जा, लिंबूसोडा घे, ओळखी कर."

"आणि बढती?"

"तिची हमी मला देता येणार नाही."

बढती दुसऱ्यालाच मिळाली. माझ्या सल्ल्याची किंमत त्याने मोजली, ही रुखरुख मला आहे. यंदा पाडव्याला दोघांनाही बोलावले आहे. वर्षाचा जमाखर्च या खेपेला तिच्या तोंडून ऐकायचा आहे.