वेदना जाणणारा कृत्रिम हात

छप्पन दुकानवर चहाचा गरम ग्लास उचलताना तो किती जोराने धरायचा, याचा आपण विचार करतो का? मुळीच नाही. चटका बसला की बोटं आपोआप जागा बदलतात, ग्लास निसटायला लागला की पकड घट्ट होते. मेंदू हे कसं जमवतो? ते शोधायचा एक मार्ग म्हणजे माणसासारखा यांत्रिक हात बनवून बघणं. तो जिथे अडतो, तिथे खऱ्या हाताचं गुपित कळतं.

आपल्याला वाटतं, मेंदू हुकूम देतो आणि हात पाळतो. पण हुकूम खाली जातो तशी स्पर्शाची, दाबाची, वेदनेची खबर वरही येते. ही खबर थांबली तर काय होतं, ते आपल्या देशातच डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं. ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने बोटं झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आलं की नसा बधिर झाल्यामुळे रुग्णाला भाजलेलं, कापलेलं कळतच नाही. जखमा चिघळतात आणि बोटं त्यामुळे जातात.

यांत्रिक हाताचीही हीच अडचण. त्याला काहीच जाणवत नाही, म्हणून वापरणाऱ्याला सतत डोळ्यांनी बघावं लागतं. आयआयटी मुंबईत शिकलेले प्रा. नितीश ठाकोर आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी यावर काम केलं. २०१८ मध्ये त्यांनी कृत्रिम बोटांवर चढवायची इलेक्ट्रॉनिक त्वचा जगासमोर आणली. आपल्या कातडीसारखेच तिला थर आहेत. त्यातले सेन्सर दाब टिपतात. मग त्या दाबाचे, नसांना समजतील असे, बारीक विद्युत ठोके बनतात आणि ते उरलेल्या हाताच्या कातडीवरून आतल्या नसांना दिले जातात.

हात गमावलेल्या स्वयंसेवकाला हे ठोके कुठे जाणवले? नसलेल्या हातात! ठोके बदलले तसा कधी नुसता स्पर्श वाटला, कधी वेदना. टोकदार वस्तू लागली की यांत्रिक हात ती आपोआप सोडूनही देत होता. म्हणजे हात गेला तरी मेंदूने त्याची जागा पुसलेली नसते. तिथे खबर पोचण्याचीच खोटी.

वेदना नको म्हणून आपण देवाला साकडं घालतो. ब्रँड मात्र तिला देणगी मानत, आणि आज इंजिनिअर कष्ट करून तीच यंत्राला देतायत. चटका बसला की आपण ‘आई गं’ म्हणतो. पण तो जाणवला नसता, तर चहाचा ग्लासही धड धरता आला नसता.