सामायिक स्मृतीची गणना
संगणकाच्या मुख्य स्मृतीतील जी पृष्ठे अनेक प्रक्रिया (चालू कार्यक्रम) समाईकपणे वापरतात, त्यांचा भार कोणत्या प्रक्रियेच्या नावे मांडावयाचा हे ठरविण्याची परिचालन प्रणालीची पद्धती. एकच लायब्ररी पुष्कळ प्रक्रियांना लागत असल्यास तिची एकच प्रत स्मृतीत ठेवून प्रत्येकीच्या पृष्ठकोष्टकात तिचा निर्देश करतात. जागा वाचते, पण हिशेब बिघडतो.

लिनक्स प्रणालीत प्रक्रियेची ‘निवासी’ स्मृती मोजताना अशी पृष्ठे प्रत्येकीच्या नावे पूर्ण धरली जातात. त्यामुळे सर्व आकड्यांची बेरीज प्रत्यक्ष स्मृतीहूनही अधिक भरू शकते. २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीपासून ‘प्रमाणशीर वाटा’ही मिळू लागला. त्यात प्रत्येक पृष्ठाला ते वापरणाऱ्या प्रक्रियांच्या संख्येने भागतात. उदा., एका प्रक्रियेची ६०० पृष्ठे खाजगी असून ९०० पृष्ठे तिघींत समाईक असल्यास निवासी आकडा १,५०० येतो, तर वाटा ९०० पृष्ठांचा होतो. बेरीज आता जुळते. तथापि दुसरी एखादी प्रक्रिया संपताच हिचा वाटा, हिने काहीही न करता, १,०५० वर जातो. हिलाच बंद केल्यास मोकळी होतात ती केवळ खाजगी ६०० पृष्ठे. स्मृती संपल्यावर बळी द्यावयाची प्रक्रिया निवडताना लिनक्स मात्र निवासी आकडा पूर्ण धरते. परिणामी मोठ्या दिसणाऱ्या प्रक्रियेचा बळी देऊनही जागा थोडीच सुटण्याचा संभव असतो.

प्रक्रियांच्या गटांना (सीग्रुप) स्मृतीची मर्यादा घालताना भागाकार करीत नाहीत. पृष्ठाला प्रथम स्पर्श करणाऱ्या गटावर त्याचा संपूर्ण भार पडतो आणि इतर गट ते विनामूल्य वापरतात. ही रीत न्याय्य नव्हे, परंतु अल्पखर्चिक आहे.