पत्त्यांचा जोड आणि व्हिडिओ गेमचं यंत्र

परवा ओपीडीत पक्षाघाताच्या एका रुग्णाचा मुलगा भेटला. वडिलांचा उजवा हात अजून नीट चालत नाही. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की हातवारे करून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र आणा, हात लवकर सुधारेल. जुनं यंत्र मिळत होतं, पण त्यासाठी उसनवारी करावी लागणार होती. "सर, घेऊ का?"

त्याच्या मनात होतं ते निन्टेन्डोचं 'वी' हे यंत्र. २००६ साली ते आलं, तेव्हा स्पर्धेत सोनीचं प्लेस्टेशन ३ होतं. सोनीचं यंत्र ताकदीनं कितीतरी पुढचं. अमेरिकेत त्याची किंमत ५०० डॉलरपासून सुरू व्हायची आणि तरीही सुरुवातीला कंपनी ते तोट्यातच विकत होती. प्रिंटर स्वस्त द्यायचा आणि शाईवर कमवायचं, तसा हा हिशोब. यंत्र घरात शिरलं की खेळांच्या विक्रीतून वसुली. 'वी' २५० डॉलरला होतं. चित्रं साधी, पण हातातला रिमोट बॅटसारखा फिरवला की पडद्यावर टेनिसचा फटका बसायचा. शिकावं काही लागत नव्हतं. ज्यांनी जन्मात व्हिडिओ गेम खेळला नव्हता, अशी आजी-आजोबा मंडळी खेळू लागली आणि १० कोटींहून जास्त यंत्रं खपली. पुढे त्याच कंपनीचं 'वी यू' आलं. ते नेमकं काय आहे हेच गिऱ्हाइकाला कळेना, त्याचा खप जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबला.

आम्हा डॉक्टरांकडेही 'वी'ची दखल घेतली गेली. २००७ मध्ये एका तरुण डॉक्टरनं तासन्‌तास टेनिस खेळून स्वतःचाच खांदा दुखवून घेतला आणि ते न्यू इंग्लंड जर्नलला लिहून कळवलं! पण फिजिओथेरपीवाल्यांना त्यात उपचार दिसला. कंटाळवाणा व्यायाम रुग्ण आपणहून करतोय, याहून आम्हाला काय हवं?

मग नीट चाचणी झाली. 'एव्हरेस्ट' नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आले. नुकताच पक्षाघात झालेले १४१ रुग्ण, देश चार. सगळ्यांना नेहमीची फिजिओथेरपी होतीच. त्याशिवाय निम्म्यांना 'वी' दिलं, बाकीच्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं. हात दोन्ही गटांचे सुधारले. 'वी'वाल्यांचे जास्त सुधारले, असं मात्र दिसलं नाही.

गंमत म्हणजे निन्टेन्डो १८८९ साली क्योटोत सुरू झाली, ती पत्ते बनवणारी कंपनी म्हणूनच.

खप कशानं वाढतो आणि हात कशानं सुधारतो, हे दोन प्रश्न निराळे. बाजारात किंमत आणि सोपेपणा जिंकला. हाताला मात्र तीच हालचाल पुन्हा पुन्हा हवी असते, समोर पडदा असो वा सतरंजी. मी त्या मुलाला उसनवारी करू नका म्हटलं. फिजिओथेरपीच्या तारखा चुकवू नका, आणि घरी रोज तासभर पत्ते मांडा. पिसणं, वाटणं, उचलणं सगळं उजव्या हातानं, पत्ते पडले तरी आपण उचलून द्यायचे नाहीत.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून वडील पहिल्यांदाच बोलले. जीभ अजून जड होती. "मेंढीकोट," म्हणाले, "पण चौघं लागतात."