जेवण एक कमी, वाण्याचे बिल जास्त

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना दौलताबादला थांबला होता. त्याच्या प्रवासवर्णनात इथला किल्ला आहे, अंधारकोठडीतले मांजराहून मोठे उंदीर आहेत आणि बाजारही आहे. इथल्या द्राक्षांचे आणि डाळिंबांचे त्याने कौतुक केले. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा ‘तरबाबाद’ नावाचा वेगळा बाजार होता आणि त्या बाजारातल्या मशिदींत रमजानमध्ये तरावीहची नमाज होत असे, हेही त्याने नोंदवले. दौलताबादचा बाजार आणि रमजान यांचे नाते असे पावणेसातशे वर्षांपासून कागदावर आहे. घरातल्या बाईचा हिशेब मात्र त्या प्रवाशाने लिहिला नाही. तो आज आपण मांडू.

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य. पहाटेचे खाणे ती सहर, संध्याकाळी रोजा सोडायचा तो इफ्तार. दिवसातले एक जेवण आणि दोन-तीन चहा कमी होतात. मग खर्च घटायला हवा ना? आमचे हिंदू शेजारी दरवर्षी हाच प्रश्न विचारतात, आणि दरवर्षी आम्ही हसून वेळ मारून नेतो. खरे उत्तर असे, की बहुतेक घरांत या महिन्यात वाण्याचे बिल वाढते. श्रावणातल्या उपवासाला साबुदाणा, शेंगदाणे आणि तुपाचा खर्च ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पैसा जातो तो संध्याकाळच्या शेवटच्या तासात. दिवसभराचा रोजा, डोके जड, घरी मुले वाट पाहत आहेत, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भजी, समोसे, फळांच्या चिरलेल्या फोडी. शहरात सिटी चौक, शहागंज, बुढीलेनला या वेळी पाय ठेवायला जागा नसते. भुकेल्या माणसाने पिशवी घेऊन बाजारात जाऊ नये, कारण पोटात मावेल त्याच्या तिप्पट तो उचलतो. इफ्तारला दोन खजूर, सरबत आणि चार भजी पोटात गेली की मन भरते. उरलेले ताटात राहते आणि सकाळी गायीपुढे जाते. आमच्याकडे याला ‘इसराफ’ म्हणतात, म्हणजे उधळपट्टी. खा, प्या, पण मर्यादा ओलांडू नका, असे कुरआनात सांगितले आहे. रोज पन्नास रुपयांची तयार भजी धरली तरी महिन्याचे दीड हजार होतात.

ज्या घरांचे गणित बसते, त्यांची तयारी रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात झालेली असते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. मराठवाड्यात हा हरभरा निघण्याचा काळ. या दिवसांत हरभरा डाळ घ्यावी, निवडावी, ऊन दाखवावे आणि चक्कीवर बेसन दळून आणावे. दळणाचे पैसे धरूनही ते पाकिटातल्या बेसनापेक्षा बहुधा स्वस्त पडते आणि त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असते. मिरची, हळद, धण्यांचेही तसेच. गहू-तांदळाचा भार तुलनेने हलका आहे. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. जास्त पैसे खातात ते तेल, बेसन, साखर, फळे आणि खजूर.

खजुराचेच बघा. सहा माणसांचे घर, माणशी रोज तीन खजूर, तीस दिवस: झाले ५४०. एक खजूर आठ-दहा ग्रॅमचा धरला तर घराला साधारण पाच किलो खजूर लागतो. सुट्या आणि डब्यातल्या खजुराच्या भावात किलोमागे शंभर रुपयांचा फरक असेल, तर पाचशे रुपये एवढ्यातच वाचले. नक्षीदार डब्यातला अजवा पाहुण्यांना जरूर द्यावा. रोजच्या रोजा सोडण्याला साधा खजूर पुरतो, सवाब म्हणजे पुण्य तेवढेच. हेही लक्षात ठेवा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून खजूर, बदाम, पिस्ता, तूप, लोणी यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि साबण, शाम्पू, केसांचे तेल १८ वरून ५ वर. ईदच्या शीरखुर्म्याच्या यादीतले बरेचसे सामान यात बसते. दुकानदाराने जुन्याच भावाने हिशेब लावला तर पावती मागा.

पाकिटावर नुसती छापील किंमत पाहून घेऊ नका. आता पाकिटांवर एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती पडते, तेही छापावे लागते. अक्षर बारीक असते, पण खरा भाव तिथेच कळतो. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते हा आपला भ्रम आहे. काही वेळा दोन छोटी पाकिटे एका मोठ्यापेक्षा कमी दरात बसतात. सुटा माल घेताना काट्यावर वैधमापन विभागाची या वर्षीची मोहोर आहे का ते बघावे, आणि मिठाई किंवा शेवया खोक्यासकट तोलू देऊ नयेत. शंभर ग्रॅमचे खोके पिस्त्याच्या भावाने कशाला घ्यायचे? तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मापात मारणाऱ्यांची कुरआनात इतकी कडक निर्भर्त्सना आहे, की एका सूरेचे नावच ‘मुतफ्फिफीन’, म्हणजे माप कमी देणारे, असे आहे.

मापावरून देवगिरीच्या इतिहासातला एक माणूस आठवतो. १२९६ मध्ये देवगिरी लुटून गेलेला अल्लाउद्दीन खिलजी दिल्लीचा सुलतान झाल्यावर त्याने बाजाराचे भाव ठरवून दिले. इतिहासकार जियाउद्दीन बरनीने ते टिपले आहेत: गहू मणाला साडेसात जीतल, तांदूळ पाच, जव चार. (तेव्हाचा मण आजच्या मणापेक्षा बराच लहान होता.) कमी पगारात मोठी फौज पोसता यावी, हा त्यामागचा हेतू. सुलतान पोरांना पैसे देऊन सौदा आणायला पाठवी आणि माल तोलून घेई. वजन कमी भरले तर दुकानदाराच्या अंगाचे तेवढे मांस कापले जाई, असे बरनी सांगतो. स्वस्ताई आली, पण ती धाकाची होती. १३१६ मध्ये सुलतान गेला आणि ती व्यवस्थाही मोडली.

भाव कमी करून घेण्याचा दुसरा रस्ता आपल्याच महाराष्ट्रात सापडला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. पद्धत साधी होती. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, संस्थेने माल घाऊक आणायचा आणि तो एका घरी उतरला की सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही, उधारी नाही. हजारो कुटुंबे अशी जोडली गेली. मध्यमवर्गीय सोसायट्यांत रुजलेली ही रीत आमच्या गल्ल्यांत फारशी पोहोचली नाही, याची मला खंत वाटते. कारण तिला लागणारी मुख्य गोष्ट, शेजारणींचा एकमेकींवरचा भरवसा, आमच्याकडे भरपूर आहे.

भिशीत तो दिसतोच. भिशीची रक्कम दरमहा एकीने उचलायची ही नेहमीची रीत. रमजानसाठी मात्र ती न उचलता साठवावी. बारा जणींनी महिन्याला तीनशे रुपये टाकले तर अकरा महिन्यांत एकोणचाळीस हजार सहाशे होतात. या पैशांत शाबानमध्ये मोंढ्यातून किंवा जाधववाडीतून साखरेचा कट्टा, डाळीचा कट्टा, तेलाचे पंधरा किलोचे डबे एकदम आणता येतात. टेम्पोचे भाडे बारा जणींत वाटले की माणशी किरकोळ. शेजारच्या हिंदू घरांनाही यात घ्यावे, कारण गुढीपाडवा आगेमागेच असतो आणि तेल-साखर त्यांनाही हवीच. एक अट: रक्कम एकीच्या कपाटात ठेवू नये. पोस्टात किंवा बँकेत दोघींच्या नावाने खाते काढावे आणि दर महिन्याला वही सगळ्यांसमोर वाचावी.

हे सगळे कशासाठी, तर ईद उसनवारीवर होऊ नये म्हणून. रोजंदारीवरच्या घरात शेवटच्या दहा दिवसांत मुलांचे कपडे, चपला, बांगड्या एकदम अंगावर येतात. तेव्हा घेतलेले पाच हजार फेडता फेडता बकरी ईद दाराशी येते. कपड्यांना शेवटच्या आठवड्यात हात घालू नये. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात आधीच एक चक्कर मारली तर निवडायला वेळ मिळतो आणि भावही उतरवता येतो. घासाघीस मोठ्या दुकानात जरूर करा. दौलताबादच्या किल्ल्यासमोर टोपली घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी करू नये, एवढे माझे मत.

आणखी एक खर्च आहे, त्यात मात्र काटकसर करायची नाही. ईदच्या नमाजेपूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, गरिबाला फित्रा द्यावा लागतो. तो गव्हाच्या भावावर ठरतो. कुणी माणशी १ किलो ६३३ ग्रॅम धरतात, कुणी २ किलो ४५ ग्रॅम. दुसरे माप घेतले तर सहा जणांच्या घराला सव्वाबारा किलो गहू होतो. किलोला ३५ रुपये धरले तर सुमारे ४३० रुपये. भज्यांचे नऊ दिवस वाचवले की हा फित्रा निघतो, आणि एखाद्या घरी ईदच्या सकाळी चूल वेळेवर पेटते.

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. टरबूज-द्राक्षांचा रमजान हळूहळू बोरे, संत्री आणि दौलताबादच्या पेरूंचा होईल. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा लागेल. त्या वर्षी भिशीचे हप्ते कसे बसवायचे, यावर गल्लीत आताच वाद सुरू झाला आहे.