कार्डाने जागा बदलली आणि बिले थांबली
दुकानातील सर्व्हरमध्ये नवे कार्ड बसवताना घ्यावयाची काळजी

आमच्या परिचयाचे एक कापडाचे ठोक व्यापारी आहेत. खाली दुकान, माडीवर गोदाम. दुकानात चार काउंटर आणि मागच्या खोलीत एक सर्व्हर. बिले, उधारी, मालाचा साठा, सारे त्यावरच. सर्व्हर लिनक्सवर चालतो. लिनक्स म्हणजे युनिक्सच्या धर्तीवर 1991 साली सुरू झालेली प्रणाली. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून अनेक लहान दुकानांतूनही ती दिसते.

गोदामातही साठा दिसावा म्हणून शेठजींनी सर्व्हरमध्ये दुसरे नेटवर्क कार्ड बसवून घेतले. रात्री दुकान बंद झाल्यावर कारागीर आला, पंधरा मिनिटांत कार्ड बसवून गेला. सकाळी चारही काउंटर मुके! दिवस लग्नसराईचे, गिऱ्हाईक दारात उभे आणि एकही बिल निघेना. कारागिराने फोनवर निदान केले, "शेठ, जुनं कार्ड गेलं." दुपारपर्यंत हाताने पावत्या फाडल्या. शेवटी एक जाणकार आला. त्याने एका फाइलीतील एक शब्द बदलला आणि दुकान सुरू झाले. हातपावत्या साठ्यात चढवायला मात्र पुढचे तीन दिवस गेले.

चूक कोठे झाली?

कार्ड मुळीच गेले नव्हते. त्याचे नाव बदलले होते.

पूर्वी लिनक्समध्ये कार्डांना ईटीएच०, ईटीएच१ अशी ओळीने नावे मिळत. ज्या क्रमाने यंत्राला कार्डे सापडतील तो क्रम. हा क्रम बदलू शके, म्हणून 2013 पासून नवी पद्धत आली. तीत कार्ड ज्या जागी बसले आहे त्या जागेवरून नाव पडते. ईएनपी३एस० म्हणजे तिसऱ्या बसवरील शून्य क्रमांकाच्या खाचेतील इथरनेट कार्ड.

आता गंमत पाहा. मधल्या रिकाम्या खाचेत नवे कार्ड घातले की यंत्र चालू होताना बसची मोजणी नव्याने होते. नवे कार्ड तिसरे झाले, जुने चौथ्यावर सरकले. सर्व्हरचा पत्ता फाइलीत 'ईएनपी३एस०' या नावावर लिहिलेला होता, तो नव्या कार्डाला मिळाला. काउंटरची तार मात्र जुन्याच कार्डात. दिवे लागत होते, तार ठीक होती, पण टपाल दुसऱ्याच्या घरी जात होते.

बाजारात गाळ्यांचे नंबर पुन्हा टाकले तर जुन्या नंबरवर पाठवलेला माल शेजारच्याकडे उतरतो. तसेच हे झाले.

ही अडचण नवी नाही. एससीओ युनिक्सच्या काळात कार्ड वाढवले की कर्नल पुन्हा जोडावा लागे, आणि दोन कार्डांचा इंटरप्ट क्रमांक एक झाला तर दोन्ही अडत. सन कंपनीच्या सोलारिसमध्ये कोणत्या जागेला कोणता क्रमांक दिला याची नोंद एका फाइलीत राही. कार्ड दुसऱ्या खाचेत हलवले की त्याला नवाच क्रमांक मिळे, आणि यंत्र 'बूट -आर' या आज्ञेने चालू करून नवी जुळणी करून घ्यावी लागे.

कार्ड बसवण्यापूर्वी

'आयपी लिंक' ही आज्ञा दिली की प्रत्येक कार्डाचे नाव आणि त्याचा मॅक पत्ता दिसतो. तो कागदावर उतरवून घ्यावा. कोणती तार कोणत्या कार्डात आहे, त्यावर चिठ्ठी चिकटवावी. जुळणीच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी. सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून ठेवावा. नेटवर्कच बंद पडले तर दूर बसलेला जाणकार आत शिरू शकत नाही. आणि हे काम सुट्टीच्या आदल्या रात्री करावे, गर्दीच्या आदल्या रात्री नव्हे.

बसवल्यानंतर

प्रथम 'एलएसपीसीआय' या आज्ञेने यंत्राला कार्ड दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर नावे कागदाशी ताडावीत. कोणते कार्ड कोणते हे कळेना, तर 'इथटूल -पी' ही आज्ञा त्या कार्डाचा दिवा लुकलुकवते. मग फाइलीतील नाव दुरुस्त करावे. उबुंटूत 'नेटप्लॅन ट्राय' वापरल्यास 120 सेकंदांत होकार न मिळाल्यास जुनी जुळणी आपोआप परत येते.

कायमचा उपाय म्हणजे जुळणी मॅक पत्त्यावर बांधणे. मग कार्ड कोणत्याही खाचेत हलवले तरी ओळख टिकते, दुकानदाराला गाळ्याऐवजी चेहऱ्यावरून ओळखावे तशी. मात्र कार्ड जळून नवे घातले तर मॅक पत्ता बदलतो आणि फाइल पुन्हा दुरुस्त करावी लागते.

फायरवॉलचे नियमही अनेकदा कार्डाच्या नावावर लिहिलेले असतात, हे विसरू नये. आतले आणि बाहेरचे कार्ड उलटले तर उधारीची खाती इंटरनेटच्या बाजूला उघडी पडू शकतात. बिले निघू लागली की कारागीर घरी जातो, पण ही तपासणी झाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये. काही सॉफ्टवेअरचा परवानाही मॅक पत्त्याला बांधलेला असतो, तेव्हा जुने कार्ड काढून टाकण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे.

सराफ आणि मसालेवाल्यांनाही हेच लागू आहे. तोलकाटा आणि लेबलचा प्रिंटर यूएसबी तारेने जोडलेले असतील तर टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ ही नावे यंत्र पुन्हा चालू केल्यावर आपसांत बदलू शकतात. त्याऐवजी 'सीरियल' फोल्डरातील 'बाय-आयडी' हे नाव द्यावे. स्वस्त तारांना स्वतःचा क्रमांक नसतो, त्यांच्यासाठी 'बाय-पाथ' वापरावे आणि तार त्याच भोकात ठेवावी.

आमचे सांगणे एवढेच की कारागिराकडून केवळ कार्ड नव्हे, तर कार्डांचा कागदही मागून घ्यावा. वरील शेठजींनी आता तो सर्व्हरच्या दाराला आतून चिकटवला आहे.