माळेगावची कनात आणि काबुकी

नांदेडहून लातूरकडे निघालं, की लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथे खंडोबाची यात्रा सुरू होते. देवस्वारी निघते, बेलभंडारा उधळतो, घोड्या-गाढवांचा बाजार गजबजतो. रात्री तमाशाच्या कनाती उजळतात. बाहेर पोरं मोबाइलवर ‘नारुतो’ ही जपानी कार्टून मालिका पाहत बसलेली असतात. लढाई ऐन रंगात आली, की नायक थबकतो, डोळे वटारतो, चित्र गोठतं.

ही अदा मला काबुकीची, म्हणजे जपानच्या जुन्या नाट्यप्रकाराची वाटते. तिथे तिला ‘मिए’ म्हणतात. नट मान झटकून डोळे रोखतो, कडेला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर दणादण आपटतो आणि प्रेक्षकांतून नटाच्या घराण्याच्या नावाची आरोळी उठते. दानजुरो घराण्याची आरोळी ‘नारिताया’. ती आली नारिताच्या देवळावरून. पहिल्या दानजुरोने तिथल्या फुदो देवाला पुत्रासाठी नवस केला होता, असं सांगतात. हातात तलवार घेतलेला, डोळे वटारलेला हा फुदो म्हणजे भारतातून बौद्ध धर्माबरोबर गेलेला अचल. नवसाला पावणारा खड्गधारी देव माळेगावकरांना काही नवा नाही.

काबुकीचा उगमही देवाच्या नावानेच झाला. १६०३च्या सुमारास क्योतोमध्ये ओकुनी नाचली. ती इझुमोच्या देवळाची सेविका म्हणून ओळखली जाई. आपल्या जागरणात दिमडीच्या तालावर मुरळी नाचते, तीही देवाचीच. पुढे १६२९मध्ये तिथल्या राजवटीने बायकांना रंगमंचावर बंदी घातली आणि पुरुषच स्त्रीभूमिका करू लागले.

इथल्या कनातीत आधी ढोलकी-हलगीची झुंज लागते, मग गण, मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या. पदर सावरत ती एकच तिरका सवाल टाकते आणि अख्खी कनात हसून लोळते.

तोक्योत २०१५ साली ‘वन पीस’ हे कॉमिक काबुकीच्या रंगमंचावर आलं. आजच्या पोरांचा नायक त्यांनी जुन्या घरात सन्मानाने आणला. आपल्याकडे मात्र सिनेमाच्या गाण्यांच्या फर्माइशी वगाची वेळच खाऊन टाकतात, आणि हे मला मनापासून खुपतं. पहाटेपर्यंत रंगणारा वग हाच तमाशाचा जीव. तरी मावशी आली, की बाहेरची ती पोरं मोबाइल खिशात घालतात आणि कनात उचलून आत डोकावतात.