बालवाडीतील खेळ : हातांकडून बुद्धीकडे

तीन ते सहा वर्षांचे मूल एका जागी स्वस्थ बसत नाही. हाती आलेली वस्तू ते उलटसुलट करून पाहते, आपटते, मोडते आणि पुन्हा जोडू पाहते. हा खोडकरपणा नसून त्या वयाचा धर्म आहे व तोच शिक्षणाचे साधन व्हावा, हा पूर्वप्राथमिक शिक्षणाचा मूलभूत विचार होय. तथापि पालकांच्या आग्रहास्तव अनेक ठिकाणी बालवाडीतच अक्षरे गिरवून घेण्याची घाई केली जाते. ती का टाळावी आणि तिच्याऐवजी काय करावे, याचा विचार शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी या सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

कोसबाडचा वारसा

महाराष्ट्रात या विचाराला जुनी परंपरा आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. मॉन्टेसरी पद्धतीची तयार साधने खेड्याला परवडणारी नव्हती. परंतु त्यांमागील तत्त्व परिसरातील पाने, बिया, शिंपले, खडे व माती यांच्या साहाय्यानेही आचरता येते, हे या कार्यातून सिद्ध झाले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, या भूमिकेतून पाड्यावरील अंगणातच बालवाडी भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रेही अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात.

खेळातून काय साधते?

चिंचोके, सागरगोटे व शिंपले एकत्र मिसळून मुलांपुढे ठेवले, की मुले ती आपापल्या परीने वेगळी करतात. कोणी रंगावरून, कोणी आकारावरून. हे वर्गीकरण होय. प्रत्येक शिंपल्यावर एक चिंचोका ठेवताना एकास एक ही संगती मुलाला कळते. ती कळल्याशिवाय शंभरापर्यंतचे अंक तोंडपाठ म्हणून दाखविणे निरर्थक आहे.

घमेलेभर पाण्यात लाकडाचा तुकडा, पान, खडा व खिळा टाकण्यापूर्वी ‘काय तरंगेल?’ असे मुलांना विचारावे. मोठे लाकूड तरंगते आणि लहानसा खडा बुडतो, हे पाहून मूल चकित होते. आधी अंदाज, मग प्रयोग आणि शेवटी पडताळा, ही विज्ञानाची रीत त्याला अशी नकळत लाभते. बुटक्या भांड्यातील पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतल्यास ते वाढले, असे या वयाचे मूल सांगते. त्याला चूक म्हणून थांबवू नये. पाणी परत ओतून पाहू द्यावे.

कलेचेही तसेच आहे. माती मळताना, कागद फाडून चिकटविताना आणि ओल्या वाळूत रेघा ओढताना बोटांचे स्नायू बळकट होतात. पुढे लेखणी धरण्याची तयारी हीच असते. रंगांसाठी हळद, गेरू व कोळसा पुरेसे आहेत. मात्र शिक्षिकेने काढलेल्या आकृतीत मुलांनी केवळ रंग भरावा, असा दंडक नसावा. मुलाला स्वतःचे चित्र काढू द्यावे व त्याविषयी बोलते करावे; भाषेचा विकासही त्यातूनच होतो.

साहित्य निवडताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. गुंजा व एरंडाच्या बिया विषारी असल्याने त्या वर्ज्य कराव्यात. नाकाकानात वा तोंडात जाण्याजोग्या बारीक वस्तू मोठ्यांच्या नजरेखालीच हाताळू द्याव्यात. खेळ संपताच घमेल्यातील पाणी ओतून टाकावे.

पंचायतीची व पर्यवेक्षकांची जबाबदारी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला असून खेळ व कृती यांवर आधारित शिक्षणावर भर दिला आहे. धोरणाची अंमलबजावणी मात्र गावातील अंगणातच व्हावयाची आहे. ग्रामपंचायतीने सावलीची जागा, वाळूचा लहानसा हौद, हाताशी पाणी आणि साहित्य ठेवण्यास एक पेटी एवढी सोय केली, तरी पुष्कळ काही साधेल. गावातील कुंभार, सुतार व बुरूड यांचेही साहाय्य घेता येईल.

भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘किती अक्षरे येतात?’ हा प्रश्न प्रथम विचारला, तर शिक्षिका साहजिकच पाटीकडे वळेल. त्याऐवजी मुले आज काय हाताळत आहेत व काय विचारीत आहेत, हे पाहावे. पालकसभेतही हाच मुद्दा मांडला जावा. खेळातून निरीक्षण, मोजणी व संभाषण यांची सवय झालेले मूल पहिलीत येईल, तेव्हा अक्षरे व अंक त्याला अर्थासह शिकविता येतील. अंगणवाडीतील वर्षे याच तयारीची आहेत, ती पाठांतरात खर्ची पडू नयेत.